साहेबांचा फोन आणि आपला फोन

साधारण २०१० सालची गोष्ट. वेल्ह्यातल्या एका कार्यालयात मी कारकून होतो. तपासणीसाठी पुण्याहून मोठे साहेब आले होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी खिशातून एक काळा, रुंद फोन काढून टेबलावर ठेवला. अर्ध्या भागात काच आणि अर्ध्या भागात टाइपरायटरसारखी बारीक बारीक बटणे. आमच्या शिपाईमामांनी न राहवून विचारले, "साहेब, हा टीव्हीचा रिमोट का?" साहेब हसले. म्हणाले, "ब्लॅकबेरी आहे मामा. ऑफिसची सगळी पत्रं यावर येतात." मामांच्या खिशात नोकियाचा बॅटरीवाला फोन होता. तोरण्याच्या पायथ्याशी त्या दुपारी दोघांच्याही फोनला रेंज नव्हती. बाकी कशात नसली तरी रेंज नसण्यात त्या दिवशी साहेब आणि शिपाई समान होते.

वाचक बंधू-भगिनींनो, ही गंमत आज आठवण्याचे कारण असे की, त्या दोघांचेही फोन आज काळाच्या पडद्याआड गेले आहेत. एक साहेबांचा होता, एक गरिबाचा होता. दोन्ही कंपन्या आपापल्या जागी राजा होत्या. त्या का पडल्या आणि त्यांच्या पडण्यातून तुमच्या-आमच्यासारख्या कष्टकरी कुटुंबाने काय घ्यायचे, हा आजचा विषय आहे.

ब्लॅकबेरी ही कॅनडाच्या वॉटर्लू गावातली कंपनी. १९८४ साली ती 'रिसर्च इन मोशन' या नावाने सुरू झाली. १९९९ साली तिने खिशात मावणारे आणि ई-मेल दाखवणारे यंत्र आणले. पुढे त्याचाच फोन झाला. २००४ साली तो भारतात आला. बँकवाले, वकील, मंत्री, कंपन्यांचे अधिकारी यांच्या हातात तो दिसू लागला. ब्लॅकबेरीवरून ब्लॅकबेरीवर निरोप पाठवण्याची 'बीबीएम' ही सोय २००५ साली आली आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या आधी तरुण पोरांना तिचेच वेड लागले. या फोनवरचा मजकूर इतका कुलूपबंद असे की, मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर सरकारलाच चिंता पडली. २०१० च्या ऑगस्ट महिन्यात केंद्र सरकारने कंपनीला मुदत घातली की, तपास यंत्रणांना मजकूर पाहण्याची सोय द्या, नाहीतर सेवा बंद करू. बरीच ओढाताण झाली आणि २०१२ साली कंपनीला मुंबईत सर्व्हर बसवावा लागला. एका फोनसाठी सरकारला वाटाघाटी कराव्या लागल्या, एवढा त्याचा दरारा होता.

मग हा दरारा कुठे गेला? २००७ साली अमेरिकेत अ‍ॅपलचा आयफोन आला. त्याला बटणेच नव्हती, सगळे काम काचेवर. २००८ साली गुगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आला. ब्लॅकबेरीवाल्यांचा भरवसा बटणांवर आणि आपल्या नावावर होता. मोठी माणसे आपल्याला सोडून जाणार नाहीत, असे त्यांना वाटले. पण लोकांना आता फोनवर फक्त पत्र वाचायचे नव्हते. नकाशा, गाणी, तिकीट, फोटो, सगळे हवे होते. कंपनीने नवी प्रणाली तयार करून जानेवारी २०१३ मध्ये नवा फोन काढला. भारतात त्याची किंमत होती ४३,४९० रुपये. त्याच वर्षी सहा-सात हजारांत अँड्रॉइड फोन दुकानात मिळत होता. न खपलेल्या फोनांचा ढीग पडला, एका तिमाहीत सुमारे ९६.५ कोटी डॉलरचा तोटा झाला आणि सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीने साडेचार हजार नोकऱ्या कमी करत असल्याचे जाहीर केले. २०१६ साली तिने स्वतः फोन बनवणे सोडले. ३१ मे २०१९ रोजी सर्वसामान्यांसाठीचे बीबीएम बंद झाले. ४ जानेवारी २०२२ नंतर त्या जुन्या फोनांवर साधा कॉल लागेल याचीही हमी राहिली नाही. कंपनी मात्र बुडाली नाही. ती आता मोटारीतल्या संगणकाची प्रणाली विकते. बुडाले ते फोन, आणि त्या फोनात ज्यांचे सगळे होते ते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. फोन म्हणजे नुसते यंत्र नव्हे. तो एक बाजार असतो. आपला आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणा. गिऱ्हाईक जिथे जास्त, तिथे भाजीवाला, कापडवाला, बांगडीवाला येतो. आणि जिथे सगळे दुकानदार बसतात, तिथेच गिऱ्हाईक जाते. एकदा दुकानदार दुसऱ्या गावच्या बाजारात बसू लागले की, पहिल्या बाजाराची जागा कितीही प्रशस्त असो, तो ओस पडतो. फोनमधली प्रणाली ही बाजाराची जागा आणि अ‍ॅप म्हणजे त्यातले दुकानदार. ब्लॅकबेरीच्या बाजारातून दुकानदार उठून गेले. २०१७ च्या अखेरीस व्हॉट्सअ‍ॅपनेही तिथले दुकान बंद केले. मग गिऱ्हाईक कशाला थांबेल?

शिपाईमामांच्या नोकियाचेही तेच झाले. २००३ साली आलेला तो बॅटरीवाला ११०० क्रमांकाचा फोन जगात २५ कोटींवर खपला. शेतावर रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला फोन आणि बॅटरी एकाच पैशात मिळाली. पण काचेच्या फोनांच्या स्पर्धेत नोकिया मागे पडली. २०११ साली तिने मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचा हात धरला, २०१४ साली फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टला विकला आणि पुढे मायक्रोसॉफ्टनेही तो बाजार गुंडाळला. याची खरी किंमत कोणी मोजली? चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला २००६ साली नोकियाचा कारखाना सुरू झाला होता. खेड्यापाड्यांतल्या हजारो तरुण मुली तिथे कामाला होत्या. करवादात अडकल्यामुळे तो कारखाना मायक्रोसॉफ्टच्या व्यवहारातून बाहेर राहिला आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून बंद झाला. दूर कुठेतरी एक प्रणाली हरते आणि त्याचा घाव घराला पगार पाठवणाऱ्या मुलीवर बसतो. कामगारांच्या घरातून आलेल्या आपण हे विसरता कामा नये.

आज आपल्या देशात शंभरातले पंचाण्णवच्या आसपास स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. म्हणजे बाजार जवळजवळ एकाच मालकाचा. स्वस्त फोन गरिबाच्या हातात आला तो याच अँड्रॉइडमुळे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु बाजाराचा मालक एकच झाला की, तो जागेचे भाडे आणि नियम आपल्या मनाने ठरवू लागतो. म्हणून २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आपलीच अ‍ॅप फोनात आधीपासून घालून देण्याची सक्ती फोन बनवणाऱ्यांवर केली, हा त्यातला एक मुख्य ठपका होता. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही आदेश काढले, पण दंड कायम ठेवला.

आपल्या महाराष्ट्रातूनही एक प्रयत्न झाला होता. मुंबईच्या आयआयटीतून शिकून निघालेल्या तरुणांनी भारतीय भाषांसाठी 'इंडस' नावाची प्रणाली अँड्रॉइडच्याच पायावर उभी केली. २०१५ पासून ती मायक्रोमॅक्सच्या फोनांत येऊ लागली. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत फोन वापरता यावा, हा तिचा हेतू. पुढे चीनच्या स्वस्त फोनांपुढे मायक्रोमॅक्स मागे पडली आणि इंडसची ती प्रणालीही मागे पडली. २०२२ साली ती कंपनी फोनपेने घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये 'इंडस अ‍ॅपस्टोअर' म्हणून अ‍ॅपचे नवे दुकान उघडले. त्याचे पुढे काय होते ते पाहू.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. माझी भाची कॉलेजात शिकते. दाजी बिगारी काम करतात. मुलीला फोन हवा म्हणून त्यांनी पुण्यातून सहा हजारांना जुना फोन आणला. मोठ्या नावाचा, काच चकचकीत. सहा-सात महिन्यांनी भाचीचा निरोप आला, "मामा, कॉलेजचं अ‍ॅप उघडतच नाही. या फोनला चालणार नाही असं येतंय." मी जाऊन पाहिले आणि म्हणालो, "दाजी, फोन बिघडलेला नाही. फोनचं वय झालंय." दाजींना पटेना. म्हणाले, "अहो, दिसतोय तर नवाकोरा!" शिष्यवृत्तीचे कागद जमा करण्याची सूचना त्याच अ‍ॅपवर आली होती. पोरीला ती मैत्रिणीकडून कळली, तीही मुदतीच्या आदल्या दिवशी. त्या रात्री कागद गोळा केले आणि सकाळच्या पहिल्या एसटीने तिला पाठवले. शिष्यवृत्ती वाचली. पण मैत्रीण विसरली असती तर? एका वर्षाची फी, आणि कदाचित शिक्षणच.

मी कॉमर्स शिकलेला माणूस. जमाखर्चात 'घसारा' नावाची बाब असते. वस्तूची किंमत ती जितकी वर्षे चालेल तितक्या वर्षांवर वाटायची. दाजींचा सहा हजारांचा फोन एक वर्षही धड चालला नाही, म्हणजे वर्षाला सहा हजार पडले. बारा हजारांचा नवा फोन चार वर्षे सुरक्षित चालला, तर वर्षाला तीन हजार पडतात. स्वस्त कोणता? म्हणून फोन घेताना दुकानदाराला कॅमेरा किती मोठा हे मागाहून विचारा. आधी विचारा की, या फोनला सुरक्षेचे अपडेट आणखी किती वर्षे मिळणार आहेत? मराठी नीट लिहिता-वाचता येते का? आणि केवळ साहेबाच्या हातात आहे म्हणून हप्त्यावर महाग फोन घेऊ नका. ज्या फोनची साहेबांनी मिजास केली, त्याचे काय झाले ते आपण पाहिले.

आणखी एक. जानेवारी २०११ पासून आपला नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते. नंबर आपल्यासोबत येतो. फोनातले फोटो, निरोप, कागद मात्र आपोआप येतीलच असे नाही. म्हणून मुलांचे दाखले, जातीचे प्रमाणपत्र, बँकेचे पुस्तक यांच्या कागदी प्रती घरातल्या पेटीत असू द्या. महत्त्वाचे नंबर एका वहीत लिहा. ती वही कोणत्याही कंपनीच्या निर्णयाने बंद पडत नाही.

शेवटचा मुद्दा एकट्या घराचा नाही. आता शासनाचे कामही फोनवर आले आहे. २०२१ पासून शेतकऱ्याची ई-पीक पाहणी फोनवर. जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी फोनवर. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात जिथे रेंज नाही आणि हातात जुना फोन आहे, तिथे मजुराची हजेरी बुडाली तर भरपाई कोण देणार? ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी काम न झेपणारे सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. "आम्ही काम करायला तयार आहोत, पण काम होईल असे साधन द्या आणि आमच्या भाषेत द्या", ही त्यांची मागणी होती. या भगिनींनी एकजुटीने जे केले ते आपणही करू शकतो. पुढच्या ग्रामसभेत उभे राहून एवढेच मागा की, जे काम फोनवर होते त्याला कागदाचा पर्याय असलाच पाहिजे, आणि तो ठराव म्हणून लिहून घ्या.

फोन येतील, फोन जातील. आज ज्याचे राज्य आहे तोही उद्या जाईल. एखाद्या कंपनीचा बाजार उठला म्हणून आपल्या मुलीची शिष्यवृत्ती आणि आपल्या मजुराची हजेरी मात्र जाता कामा नये. शिपाईमामा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. परवा भेटले तेव्हा खिशात फोन होता, आणि हातात नंबरांची जुनी वही. मी विचारले, "मामा, अजून वही?" म्हणाले, "हिला रेंज लागत नाही ना."