गाडीचा रंग नंतर, आधी तळ पाहा



आपल्या घरात एक चारचाकी असावी, म्हाताऱ्या आईवडिलांना दवाखान्यात नेता यावे, लेकीच्या सासरी सगळ्यांनी मिळून जाता यावे, ही इच्छा काही चैनीची नाही. नवी गाडी हप्त्यानेसुद्धा परवडत नाही, म्हणून नजर जुन्या गाडीकडे वळते. घर मोठे असले की कोणीतरी म्हणतेच, "अरे, एखादी अँबॅसिडर बघा. सगळे मावतील." काही घरांत तर ती आधीपासूनच उभी असते. वडिलांनी टॅक्सी म्हणून चालवलेली किंवा सरकारी लिलावात घेतलेली. आता ती ठेवावी की काढावी, यावर भावाभावांत बोलणे चालू असते. या दोन्ही घरांसाठी आज आम्ही चार गोष्टी सांगणार आहोत.

आधी गाडीची ओळख करून घेऊ. अँबॅसिडर ही हिंदुस्तान मोटर्सची गाडी. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा येथील कारखान्यात ती १९५७-५८ पासून तयार होऊ लागली. मूळ घडण इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीची. मार्क दोन, तीन, चार, नोव्हा अशी नावे बदलत गेली, १९९० नंतरच्या काळात इसुझुचे १८०० सीसीचे इंजिन आले, पण बाहेरचा गोल चेहरा फारसा बदलला नाही. मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले आणि २०१७ मध्ये अँबॅसिडर हे नाव ८० कोटी रुपयांना फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने विकत घेतले. म्हणजे आज जी अँबॅसिडर आपल्यासमोर येईल ती कितीही चकचकीत असली तरी वयस्कच असणार. तिच्याकडे नव्या गाडीच्या नजरेने पाहून चालणार नाही.

मालकांना विचारले तर गुण सगळे एकाच सुरात सांगतात. मागच्या सीटवर तीन माणसे ऐसपैस बसतात. स्टिअरिंगजवळ गिअर असलेल्या गाडीत पुढची सीट एकसंध असते, तिथेही एक जादा माणूस बसतो. गुडघे दुखणाऱ्या आजीला चढायला-उतरायला सोपे जाते, कारण सीट उंच आहे. डिकीत लग्नाचे भांडेकुंडे मावते. खेडेगावच्या खड्ड्यांत मागच्या कमानीचे पाटे धक्का पोटात घालतात. आणि बिघाड झाला तर बॉनेट उघडल्यावर सगळे डोळ्यांना दिसते, हाताला लागते. साधा मिस्त्रीही ती उघडू शकतो.

दोषसुद्धा सगळे एकाच सुरात सांगतात. पेट्रोल खूप पिते, शहरात लिटरला नऊ-दहा किलोमीटर मिळाले तरी मालक खूश असतो. जुनी १४८९ सीसीची डिझेल गाडी कमी खाते, पण घाटात भरल्या घरानिशी चढताना दम टाकते. इंजिनाखाली तेलाचे थेंब पडतात, पावसात दाराच्या रबरातून पाणी आत येते. यातले काही दोष सोसण्यासारखे आहेत, काही जिवावर बेतणारे आहेत. फरक कोणता, तो समजून घेतला पाहिजे.

पहिली गोष्ट तळाची. पुष्कळांचा समज असा की एवढ्या जड गाडीखाली ट्रकसारखी लोखंडी चासी असणार. तसे नाही. अँबॅसिडरला वेगळी चासी नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे. तळ, दाराखालची पट्टी, पुढचे-मागचे खांब हे एकमेकांना धरून गाडी उभी ठेवतात. म्हणून तळ गंजला तर नुसते भोक पडत नाही, गाडीचे हाड झिजते. पावसाचे पाणी दारातून आत येते, गालिचाखाली मुरते, आणि वरून काही दिसत नसताना खालून पत्रा खात राहते. विकणारा मात्र लांबी भरून, रंग मारून, नवे सीट कव्हर घालून गाडी नवरीसारखी सजवतो.

म्हणून गाडी पाहायला जाताना तीन वस्तू बरोबर न्या: एक बॅटरी, एक साधे लोहचुंबक आणि एक पेचकस. गालिचा उचलायला सांगा. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. दाराखालच्या पट्टीला चुंबक लावून पाहा. पत्र्याला ते चिकटते, लांबीला चिकटत नाही. पेचकसाच्या मुठीने तळावर ठोका. घट्ट आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला किंवा पत्रा दबला तर समजा. जॅक लावून गाडी उचलताना दार उघडबंद करून पाहा. दार अडकू लागले तर सांगाडा वाकतो आहे. गंजलेल्या जागी चांगला पत्रा कापून वेल्डिंग करता येते, पण ते काम डेंटरचे अनेक दिवस खाते आणि कधीकधी गाडीच्या किमतीएवढा खर्च मागते. तो खर्च आधी विचारा, मग गाडीचा भाव करा.

दुसरी गोष्ट ब्रेकची. जुन्या अँबॅसिडरला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पाय जोरात द्यावा लागतो. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर बहुधा एखाद्या चाकाचा सिलिंडर गळत असतो किंवा लायनरवर तेल आलेले असते. "जुनी गाडी आहे, थोडी ओढणारच," असे सांगणाऱ्याचे ऐकू नका. ज्या गाडीत चारही चाकांना ब्रेक ऑइलची एकच वाट असते, तिथे एका चाकाशी गळती झाली तरी पेडल खाली बसते आणि चारही चाके मोकळी सुटतात. पेडल दाबून मिनिटभर धरून पाहा. हळूहळू खाली जात असेल तर गाडी रस्त्यावर आणू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून दोन वर्षांत एकदा ते सगळे बदलावे. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम कसाऱ्याच्या आणि खंबाटकीच्या घाटात अजून खरा आहे. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही.

तिसरी गोष्ट तापण्याची. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालत राहिले की आत क्षार साचतो, पाणी फिरत नाही आणि काटा वर चढतो. स्वच्छ पाण्यात कूलंट मिसळून घाला, पंख्याचा पट्टा सैल नाही ना ते पाहा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका, लहान मुलांना तर बॉनेटजवळ उभेच करू नका. इंजिन ऑइल दुधाळ दिसू लागले तर पाणी तेलात मिसळते आहे, हेड गॅस्केट गेले असेल. तिथे गाडी ओढून न्यावी, चालवू नये. उन्हाळ्यात पेट्रोलची गाडी गर्दीत बंद पडली आणि सुरूच होईना, तर बहुधा पेट्रोलची नळी तापून आत वाफ धरलेली असते. जुने ड्रायव्हर पेट्रोल पंपावर ओला फडका टाकून अर्धा तास सावलीत थांबत. उपाय साधा आहे आणि चालतो. त्यासाठी कोणाला पैसे मोजायला नको.

पेट्रोलचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. या जुन्या गाड्या तशा पेट्रोलसाठी घडवलेल्या नव्हत्या. जुन्या रबरी नळ्या आणि पंपातले पडदे त्याने लवकर खराब होतात. नळी तडकली, पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकले, आणि जवळच जुन्या वायरचे कव्हर सुटलेले असले तर आग लागायला वेळ लागत नाही. गाडी घेतल्या घेतल्या पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदला आणि वायरिंग एकदा नीट तपासून घ्या. हा खर्च थोडा आहे, तो टाळू नका.

चौथी गोष्ट ग्रीसची. पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस भरण्याच्या जागा दिलेल्या आहेत. त्या कोरड्या पडल्या की सांधे झिजतात, स्टिअरिंगला ढिलाई येते, टायर एका बाजूने खाल्ले जातात. स्टिअरिंग थोडे फिरवूनही चाक हलत नसेल तर ते ढिले आहे. स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यांचे बुश झिजले की गिअर मध्येच अडकतो. भर रस्त्यात बॉनेट उघडून हाताने दांड्या हलवणारे ड्रायव्हर आपण पाहिले असतील. बुश बदलले की तो त्रास संपतो. सुटे भाग अजून मिळतात. मुंबईत कुर्ल्याला, कोलकात्यात मल्लिक बाजारात जुन्या गाड्यांचे भाग विकणारी दुकाने आहेत. पण ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा भाग वापरलेला घेऊ नका, तिथे काटकसर नको.

आमच्या भगिनींसाठी एक शब्द. "ही गाडी बाईमाणसाला झेपायची नाही," असे घरोघर बोलले जाते. पॉवर नसलेले स्टिअरिंग उभ्या गाडीत जड लागते, हे खरे. पण गाडी किंचित सरकत असताना फिरवले आणि टायरमध्ये हवा बरोबर ठेवली की ते हलके होते. त्यात ताकदीपेक्षा सवय लागते. ज्या घरात पैसा दोघांच्या कष्टाचा आहे, त्या घरात किल्लीही दोघांच्या हातात असावी. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायची वेळ येते तेव्हा घरात गाडी चालवू शकणारे दुसरे माणूस लागते.

"पत्रा जाड आहे, काही होत नाही," हा आणखी एक समज. अँबॅसिडरमध्ये एअरबॅग नाहीत आणि पुष्कळ जुन्या गाड्यांत सीट बेल्टही नाहीत. जाड पत्रा धडकेत आपल्या अंगावरचा मार कमी करत नाही, माणूस आतल्या आत फेकला जातो. पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन बसणे तर सर्वांत धोक्याचे. चांगल्या गॅरेजमधून पक्क्या जागी बोल्ट मारून बेल्ट बसवून घ्या आणि मागच्यांनीही ते लावा. मुंबईत पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा केला. गाडीत आठ-नऊ माणसे कोंबण्याची जुनी रीत आता सोडली पाहिजे.

शेवटची गोष्ट कागदांची, आणि आपली माणसे सर्वांत जास्त इथेच फसतात. ओळखीतून गाडी घेतली, पैसे दिले, साध्या कागदावर सही झाली, आणि आर. सी. बुकावर नाव तसेच जुन्या मालकाचे राहिले. मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आर. टी. ओ.ला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपले नाव लावायला अर्ज करायचा असतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी पुढे कितीही हात फिरलेली असो. म्हणजे गाडी विकून मोकळे झालो असे समजणाऱ्या आपल्या बापाच्या दारात दहा वर्षांनी नोटीस येऊ शकते. विकताना फॉर्म २९ आणि ३० भरून नाव उतरल्याची खात्री करा.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारगाडीसाठी त्याचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. वर पर्यावरण कर, विमा, पी. यू. सी. आहेच. हा आकडा गाडीच्या किमतीत धरूनच हिशेब करा. आणि पांढऱ्या पाटीची गाडी लग्नाला भाड्याने देऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि सगळे ओझे घरावर येते.

दोन-तीन भाऊ मिळून गाडी घेत असतील तर पहिल्या दिवशी एक वही घाला. कोणी किती पैसे दिले, कोणी किती तेल भरले, ग्रीस केव्हा भरले, ब्रेक ऑइल केव्हा बदलले, विमा केव्हा संपतो, सगळे त्यात लिहा. दर महिन्याला भिशीसारखी ठरावीक रक्कम गाडीच्या नावाने बाजूला टाका. गाडीवरून भाऊ तुटतात ते बिघाडामुळे क्वचितच. बिघाडाचा खर्च कोणाचा हे आधी ठरलेले नसते, म्हणून तुटतात.

आता ठेवावी की काढावी? आमचे मत सरळ आहे. तळ घट्ट असेल, ब्रेक सरळ लागत असेल आणि कागद आपल्या नावावर असतील, तर बाकीची सगळी दुखणी बरी होणारी आहेत. अशी गाडी अजून पुष्कळ वर्षे घराची सेवा करील. तळ गेला असेल तर मात्र वडिलांची आठवण म्हणून तिच्यात लेकरांना बसवू नका. सरकारमान्य भंगार केंद्रात ती द्या, जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. वडिलांनी ती गाडी चालवली ती घरच्यांना सुखरूप पोचवण्यासाठी. ते काम ज्या दिवशी तिच्याने होत नाही, त्या दिवशी तिला निरोप देण्यात कमीपणा नाही.