गोळी स्वस्त झाली, पुढे काय?

प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग शरीरात पसरला की अनेक रुग्णांना अबिरॅटेरोन हे औषध दिले जाते. अमेरिकेत त्यास 2011 साली मान्यता मिळाली. पुढे भारतीय कारखान्यांनी ते बनविले आणि किंमत उतरली. 1970 च्या पेटंट कायद्याने देशी औषधनिर्मितीचा जो पाया घातला, त्याचेच हे फळ. 2005 च्या दुरुस्तीने तो पाया पोखरला तरी कलम 3(ड) उरले, आणि 2013 साली त्याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा दावा फेटाळला. डाव्या चळवळीने त्याबद्दल समाधान मानले, ते योग्यच होते. चूक झाली ती तेथेच थांबण्याची.

अबिरॅटेरोन यकृताला इजा करू शकते. म्हणून उपचारापूर्वी एकदा, पहिले तीन महिने दर पंधरवड्याला आणि नंतर दरमहा यकृताची रक्ततपासणी करावी, असे औषधाचे माहितीपत्रकच सांगते. म्हणजे पहिल्या वर्षात सुमारे सोळा तपासण्या. एसजीपीटी कमाल मर्यादेच्या पाचपटीपुढे गेले की गोळी थांबवावी लागते. यकृत सावरल्यावर ती कमी मात्रेत पुन्हा देता येते. वेळीच कळले नाही तर क्वचित प्राणावर बेतते. शिवाय आकडा वाढला म्हणजे यकृतच बिघडले असेही नाही. अल्कलाइन फॉस्फटेज हाडांतूनही येते, आणि हा कर्करोग बहुधा हाडांतच पसरतो. तेव्हा छापील अहवाल पुरेसा नाही. त्याचा अर्थ लावणारा डॉक्टरही हवा.

आता सुरगाणा वा पेठ तालुक्यातील सत्तरीचा शेतमजूर डोळ्यांपुढे आणावा. शासन म्हणेल, सारे मोफत आहे! 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, नाशिकच्या संदर्भ सेवा रुग्णालयातही, तपासणी व उपचारांचे शुल्क माफ झाले, हे खरे. परंतु एस. टी.चे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या मुलाचीही बुडालेली मजुरी कोण माफ करणार? हा खर्च सोळा वेळा करायचा! पावतीवर शून्य लिहिले म्हणजे किंमत शून्य झाली, हे अर्थशास्त्र फक्त मंत्रालयात चालते. मग तिसऱ्या-चौथ्या खेपेला म्हातारा घरीच राहतो आणि केसपेपरवर शेरा पडतो : ‘रुग्ण तपासणीस आला नाही.’ व्यवस्थेचा गुन्हा रुग्णाच्या नावावर चढविण्याची ही जुनी रीत आहे.

वास्तविक रक्त काढण्यासाठी नाशिक गाठण्याचे कारणच नाही. मोफत निदान सेवेची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने 2015 सालीच काढली आहेत. नमुना गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घ्यावा, प्रयोगशाळेत पाठवावा आणि अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या हाती त्याच आठवड्यात पडावा. यास नवे यंत्र लागत नाही. ठरलेला वार आणि जबाबदार माणूस लागतो.

ही केंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत आहेत. औषधांच्या किमतींसाठी दिल्लीकडे तोंड करून घोषणा देणाऱ्या कार्यकर्त्यांनी नाशिकच्या जिल्हा परिषदेला एवढे तरी विचारावे, की सुरगाण्यात यकृताच्या तपासणीसाठी रक्त कोणत्या वारी घेतात आणि अहवाल किती दिवसांनी येतो.