फॉरमॅट मारण्याआधी रॅम तपासा

‘रॅम वाढवल्यापासून कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो,’ अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक दुरुस्तीच्या दुकानात गेले की बऱ्याच ठिकाणी उत्तर तयार असते: विंडोज करप्ट झाले असेल, फॉरमॅट मारावा लागेल. मशीन ठेवून घेतले जाते, संध्याकाळी नवे विंडोज टाकून परत मिळते आणि दोन दिवसांनी निळा स्क्रीन पुन्हा समोर उभा राहतो. मधल्या मध्ये घरातले फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, हिशेबाच्या फायली गेलेल्या असतात. ज्या एका गोष्टीत बदल केला होता, तिच्याकडे मात्र कोणी वळूनही पाहिलेले नसते.

ही सवय मोडायला हवी. कालपर्यंत नीट चालणारे मशीन रॅम बसवल्या दिवसापासून बिघडले असेल, तर पहिला संशय रॅमवरच घ्यायला हवा. अशा वेळी फॉरमॅट मारण्याने नुकसानच होते. विंडोज नव्याने टाकताना प्रत्येक फाइल पेनड्राइव्हवरून आधी मेमरीत येते आणि तिथून डिस्कवर लिहिली जाते. मेमरीच सदोष असेल तर नवे विंडोजही चुकीचेच लिहिले जाण्याचा धोका असतो. त्याच मेमरीतून घाईघाईने घेतलेल्या बॅकअपचीही तीच गत. म्हणून डेटा वाचवायचा असेल तर रॅमची नवी स्टिक काढा, जुन्या रॅमवर मशीन सुरू करा आणि मगच फायली कॉपी करा.

१६ जीबी रॅममध्ये सुमारे १३,७०० कोटी बिट असतात. त्यातला एखादाच बिट शून्याचा एक वाचला गेला तरी पुरे. तो बिट रिकाम्या जागेत असला तर काहीच होत नाही, फोटोत असला तर एखादा पट्टा करडा पडतो, झिप फाइलमध्ये असला तर ती उघडत नाही, आणि विंडोजच्या गाभ्यात असला तर मशीन जागीच थांबते. म्हणूनच मेमरीच्या बिघाडाला ठरलेला चेहरा नसतो. आज निळ्या स्क्रीनवर ‘मेमरी मॅनेजमेंट’ लिहून येते, उद्या ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, परवा तिसरेच काहीतरी. मधल्या वेळात ब्राउझर आपोआप बंद होतो. सॉफ्टवेअरमधला दोष बहुधा त्याच प्रोग्रॅममध्ये, तेच काम करताना पुन्हा दिसतो. रोज वेगळे नाव दिसू लागले की मेमरी तपासायची वेळ झाली, असे समजावे.

कधी कधी मशीन बंदसुद्धा पडत नाही, आणि ते जास्त वाईट. बेल्जियममध्ये १८ मे २००३ रोजी झालेल्या निवडणुकीत ब्रुसेल्समधल्या स्कारबेक भागात एका उमेदवाराच्या खात्यात ४,०९६ मते जास्तीची पडली. तिथल्या पद्धतीनुसार तेवढी मते मिळणे शक्यच नव्हते, म्हणून चूक लक्षात आली. फेरमोजणीत आकडा बरोबर तेवढ्यानेच कमी भरला. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात एकच बिट उलटल्याची खूण. प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही आणि तज्ज्ञांनी आपोआप उलटलेल्या बिटाचीच शक्यता सर्वांत मोठी मानली. घरातल्या एक्सेल फायलीत अशी चूक शिरली तर ती पकडायला फेरमोजणी करणारे कोणी नसते.

हे लाखात एखाद्याला होते, असेही नाही. गूगलने टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांसह आपल्या सर्व्हरचा अभ्यास करून २००९ मध्ये निष्कर्ष मांडले: वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशीनमध्ये मेमरीची निदान एक तरी चूक झाली होती. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये सुमारे १० लाख घरगुती पीसींच्या नोंदी तपासल्या. हार्डवेअरमुळे एकदा बंद पडलेले मशीन पुन्हा तसेच बंद पडण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढलेली त्यांना दिसली. ‘चार दिवस वापरून बघा, होईल ठीक’ हा दुकानातला दिलासा या आकड्यांपुढे टिकत नाही.

खरे तर रॅम टाकल्यावर मशीन अडखळते तेव्हा नवी स्टिक खराबच निघते असे नाही. पुष्कळदा ती नीट बसलेली नसते. डेस्कटॉपच्या डीडीआर४ स्टिकला २८८ संपर्क असतात. एका बाजूची क्लिप लागली आणि दुसरी अर्धी राहिली तर मशीन सुरू होते, थोडा वेळ चालते आणि गरम झाल्यावर दगा देते. काही मदरबोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते. तिथे दुसरे टोक पूर्ण खाली गेले का, हे बोटाने दाबूनच पाहावे लागते. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. शटडाउन केल्यावरही डेस्कटॉपच्या बोर्डात पाच व्होल्टचा पुरवठा चालू असतो. प्लग काढून आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरूनच रॅमला हात लावावा. लॅपटॉपमध्ये आधी बॅटरी सोडवावी.

आणि मग येतो खोडरबर. आपल्याकडच्या दुरुस्तीच्या टेबलावर तो हमखास सापडतो: रॅम काढायची, सोनेरी दातांवर खोडरबर फिरवायचा, फुंकर मारायची आणि परत बसवायची. या उपायात तथ्य नाही असे नाही. पावसाळ्यातली दमट हवा आणि धूळ यांनी संपर्कावर थर बसतो, तो निघाला की बंद मशीन चालू होते. पण निम्मे काम स्टिक काढून पुन्हा बसवण्यानेच झालेले असते. संपर्कांवरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, वारंवार घासून तो जातो. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच, आणि तोंडाने मारलेल्या फुंकरीने ओलावा आत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड हा जास्त चांगला मार्ग आहे. मुख्य म्हणजे, घासल्यावर मशीन चालू झाले याचा अर्थ रॅम तपासली गेली असा होत नाही.

जुन्या स्टिकशेजारी नवी बसवताना तिसरी अडचण येते. दोन्ही ८ जीबी, दोन्ही डीडीआर४, कंपनीही एकच. तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. जोडीतला बैल मंद असेल तर दुसऱ्यालाही त्याच चालीने चालावे लागते, तसे बोर्ड दोन्ही स्टिक मंद स्टिकच्या वेगाने चालवू पाहतो. बहुतेकदा ते जमते. कधी जमत नाही आणि एकेकटी तासन्‌तास चालणारी स्टिक जोडीने बसवली की कोसळते. म्हणूनच कंपन्या दोन स्टिकचे किट एकत्र तपासून विकतात आणि वेगवेगळी किट मिसळू नका असे सांगतात. लॅपटॉपवाल्यांनी व्होल्टेजही पाहावे. डीडीआर३ च्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, १.५ व्होल्टची साधी डीडीआर३ त्याच खाचेत चपखल बसते, पण मशीन तिच्यावर चालत नाही किंवा चालता चालता अडखळते.

पाकिटावरचा वेग हा आणखी एक फसवा आकडा आहे. ३,६०० लिहिलेली डीडीआर४ स्टिक बसवली की ती आधी कमी, प्रमाणित वेगाने चालते. छापलेला वेग मिळवायला बायोसमध्ये एक्सएमपी नावाचा पर्याय चालू करावा लागतो आणि तो व्होल्टेजही बहुधा १.२ वरून १.३५ वर नेतो. मेमरी हाताळणारा भाग आता मदरबोर्डवर नसतो. एएमडीने तो २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये डेस्कटॉपच्या प्रोसेसरात नेला. त्यामुळे स्टिक तेवढी धावू शकली तरी प्रोसेसर धावेलच असे नाही. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचे अधिकृत आकडे पाहा: डीडीआर५ च्या दोन स्टिक लावल्या तर ५,२००, चार लावल्या तर ३,६००. चारही स्लॉट भरून वर पाकिटावरचा ६,००० वेग मागणाऱ्याचे मशीन कोसळले तर दोष स्टिकला देता येत नाही. एक्सएमपी बंद केल्यावर मशीन स्थिर झाले, तर वेग एक पायरी कमी ठेवून वापरावे. रोजच्या कामात फरक जाणवतही नाही. याच डीडीआर५ मशीनमध्ये रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड नव्या मेमरीशी जुळवून घेत असतो. त्या वेळी घाबरून प्लग ओढू नये.

मायक्रोसॉफ्टचे अभियंते रेमंड चेन यांनी २००५ मध्ये एक अनुभव लिहिला होता. विंडोज बंद पडल्याच्या काही अहवालांमध्ये कोणत्याही परिस्थितीत बंद पडूच शकणार नाही अशा सूचनेवर प्रोसेसर थांबलेला दिसत होता. शोध घेतल्यावर कळले की ती मशीन ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवली जात होती, आणि काही मालकांना त्याचा पत्ताच नव्हता. दुकानदाराने परस्पर वेग वाढवून मशीन विकले होते. आज एक्सएमपी चालू करून मशीन ताब्यात देणाऱ्याने गिऱ्हाईकाला निदान तेवढे तरी सांगायला हवे.

तपासणी अवघड नाही, तिला वेळ लागतो. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ टाइप केले की विंडोजमधला रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. त्यात तारखेनुसार लाल फुल्या दिसतात. फुल्यांची रांग रॅम बसवल्या तारखेपासून सुरू होत असेल तर अर्धा खटला तिथेच निकाली निघतो. मग नवी स्टिक काढून एक-दोन दिवस मशीन वापरावे. थांबले नाही, तर जुनी काढून एकटी नवी त्याच स्लॉटमध्ये लावावी. तीही चालली तर दुसरा स्लॉट पाहावा. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदल कागदावर लिहून ठेवावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोष कशात होता हे कळत नाही.

पक्का निर्णय हवा असेल तर मेमटेस्ट८६ आहे. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिलेला हा प्रोग्रॅम आजही मोफत मिळतो आणि पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालतो. कारण विंडोज चालू असताना मेमरीचा काही भाग त्यानेच अडवलेला असतो. मेमटेस्ट मेमरीत ठरावीक आकडे लिहितो, परत वाचतो, जुळतात का पाहतो. १६ जीबीची एक फेरी व्हायला तासभर किंवा जास्तही लागतो, म्हणून रात्री लावून झोपावे. सकाळी एक जरी चूक दाखवली तरी ती जुळणी नापास. ‘एकच एरर आहे, चालून जाईल’ असे मेमरीच्या बाबतीत म्हणता येत नाही. विंडोजमध्येही मेमरी डायग्नॉस्टिक असते. त्यात नापास झाली तर रॅम किंवा तिची जुळणी खराब समजावी, पास झाली तर मात्र त्यावर विसंबू नये.

एवढी उस्तवार गिऱ्हाईकाच्या माथी का आली, हेही विचारायला हवे. १९८१ च्या आयबीएम पीसीत प्रत्येक आठ बिटांमागे नववा बिट राखणीला होता. मेमरीत चूक झाली की मशीन थांबे आणि पॅरिटीचा संदेश दाखवी. नव्वदच्या दशकात खर्च वाचवण्यासाठी घरगुती मशीनमधून ही राखण गेली. सर्व्हरला मात्र एका बिटाची चूक स्वतः सुधारणारी ईसीसी मेमरी मिळत राहिली. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जानेवारी २०२१ मध्ये इंटेलला यावरून जाहीरपणे खडसावले होते, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. डीडीआर५ मध्ये चिपच्या आत चुका सुधारण्याची सोय आली, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक तिला दिसत नाही. बँकेचे, शाळेचे, दवाखान्याचे काम घरच्या मशीनवर होऊ लागले असताना निदान ‘मेमरी चुकली’ एवढे सांगण्याची सोय साध्या पीसीतही असायला हवी.

ती येईपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची आहे. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीने रॅमचे भाव कडाडले. भाव चढले की सेकंडहँड स्टिक, वेगवेगळ्या मशीनमधून काढलेल्या जोड्या यांना गिऱ्हाईक वाढते, आणि तपासणीची गरजही तितकीच वाढते. मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या गावातले एकच दुकान, रॅम बसवून देणाऱ्याने मेमटेस्टच्या फेऱ्या पूर्ण करूनच मशीन ताब्यात द्यावे. त्याचे वेगळे पैसे घेतले तरी हरकत नाही. ते काम मोलाचे आहे.

गिऱ्हाईकांनीही पक्के बिल घ्यावे, त्यावर स्टिकचा सीरियल नंबर लिहून घ्यावा, चुका दाखवणाऱ्या स्क्रीनचा फोटो काढावा आणि वॉरंटीत बदलून मागावी. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि कोणी न तपासता फॉरमॅट मारायला निघाले, तर मशीन उचलून घरी आणावे.