सासूबाईंचं दहावं



सासूबाई गेल्या तेव्हा शेजारच्या काकूंनी पिठलं-भात आणला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, हे आमच्या मावळात कुणाला सांगावं लागत नाही. नवव्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "उद्या पिंड इंद्रायणीवरच ना?" नणंदेनं तर तांदूळही काढून ठेवले होते.

आपल्या शास्त्राप्रमाणे देह सुटला की जीव अवघ्या काही समयांत नव्या गतीत पोचतो. समय म्हणजे पापणी लवते त्याहूनही कितीतरी लहान! मग दहा दिवसांनी कावळ्याची वाट कुणासाठी पाहायची? लोणावळ्याजवळ भाजे लेण्यात १४ स्तूप आहेत, तिथल्या दिवंगत भिक्खूंचे. काहींवर नावंही कोरलेली. त्यांनी त्यांच्या रीतीनं आठवण ठेवली. आपण मात्र लोकलाजेपायी उसनी रीत आणतो, वर तेराव्याची जेवणावळ. (कॉमर्सवाली मी, खर्च डोळ्यांत भरतोच.)

मी तांदूळ डब्यात परत ओतले. दहाव्याला घरात णमोकाराचा जाप केला. नणंद दोन दिवस बोलली नाही.

पुढं काका गेले, तेव्हा पिठलं-भात मी नेला. घाटावरही गेले, आणि कावळा शिवेपर्यंत काकूंजवळ उभी राहिले.