थंडीत अडून बसलेला ट्रक

आमच्या वाचकांत ट्रकवर पोट असलेली घरे थोडी नाहीत. कुणाचा बाप ड्रायव्हर, कुणाचा भाऊ क्लीनर, एखाद्याने कर्ज काढून जुनी गाडी घेतलेली. म्हणून या वेळी गाडीचाच विषय घेतो. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून, आम्हाला गाडीतले काय कळते असे कुणी म्हणेल, आणि ते खरेही आहे. पण पुढे लिहिले आहे ते एका जुन्या मिस्त्रीजवळ दोन रविवार बसून विचारून घेतले आहे. आणि विचारण्याची पाळी आली ती आमच्याच घरामुळे.

गेल्या जानेवारीत आमचा भाचा क्लीनर म्हणून निफाड भागात द्राक्षे भरायला गेला होता. तिकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. पहाटे गाडी चालू होईना. ड्रायव्हरने लागोपाठ दहा-बारा वेळा सेल्फ मारला, तशी बॅटरी पार उतरली. बागेवर जमलेल्यांपैकी कुणी म्हणाले, डिझेल गोठले असेल, टाकीखाली जाळ कर. पोराने चिंध्या पेटवल्या. टाकीच्या नळीतून थेंब थेंब डिझेल गळत होते, त्याने पेट घेतला. माती टाकून गाडी वाचवली, पण पोराचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. दुपारी मिस्त्री आला तेव्हा काय निघाले? बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला होता आणि क्लॅम्प ढिला होता. डिझेलला काहीही झाले नव्हते.

मिस्त्रीने आम्हाला समजेल असे सांगितले. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. आत हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, दाबल्याने ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. सायकलीत हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, तसेच हे. थंडीत हवा गार, लोखंड गार, इंजिन ऑइल घट्ट. त्यात शून्य अंशाजवळ चांगल्या बॅटरीचीही ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. सेल्फ रेंगाळत फिरला की दाबलेल्या हवेची ऊब पेट घेण्याआधीच लोखंडात मुरते.

म्हणून हात लावण्यापूर्वी कान द्यावा. सेल्फ कण्हत फिरत असेल किंवा नुसता टक् आवाज येत असेल, तर दोष बहुधा बॅटरीकडे आहे. आधी निगेटिव्हची वायर काढावी, टर्मिनलवर गरम पाणी सोडून ब्रशने घासावे, क्लॅम्प घट्ट आवळावेत, निगेटिव्ह शेवटी जोडावी. त्या वेळी जवळ बिडी नको, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. मोठ्या ट्रकला सहसा बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात, तेव्हा शेजारच्या जीपवरून वायर ओढू नये.

सेल्फ जोरात फिरतो आणि गाडी मात्र उठत नाही, अशा वेळी सायलेन्सरकडे पाहावे. पांढरट धूर येत असेल तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही, म्हणजे ऊब कमी पडते. लहान गाडीत हीटर प्लग असतात, ते तपासावेत. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. फिल्टर चोंदला असेल, त्यात पाणी साचले असेल किंवा लाइनमध्ये एअर धरली असेल. जुन्या गाडीत फिल्टरवरचा एअर काढायचा बोल्ट सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबले की आवळावा. अलीकडच्या कॉमन रेल गाड्यांत मात्र इंजिनाकडचे पाइप सोडू नयेत, तिथला दाब कातडी फोडून आत शिरतो.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारावा, मग मिनिटभर थांबावे. हा नियम साधा आहे, पण पाळतो कोण! मालक फोनवर ओरडत असतो.

आता डिझेल गोठण्याबद्दल. खोबरेल तेल थिजते तसे डिझेलमधले मेण थिजते आणि फिल्टरला बसते, हे खोटे नाही. पण आपल्याकडच्या प्रमाणानुसार हिवाळी डिझेल तीन अंशांपर्यंत वाहते राहावे लागते, उन्हाळी डिझेल पंधरा अंशांपर्यंत. म्हणजे महाराष्ट्रात हिवाळ्यात भरलेल्या ताज्या डिझेलवर हा संशय शेवटी घ्यावा. इकडे टाकी भरून हिमाचल-काश्मीरला चढणाऱ्याने मात्र तिकडच्या पंपावरच डिझेल घ्यावे. लडाखसाठी तर २०१९ साली उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहणारे वेगळे डिझेल आले. फिल्टर थिजलाच तर गरम पाण्यात भिजवलेली फडकी त्यावर गुंडाळावीत. चहाच्या टपरीवर पाणी मागितले तर कुणी नाही म्हणत नाही. जाळ करायचा नाही, पेट्रोलचा बोळाही हवेच्या तोंडाशी धरायचा नाही.

आणि जाळ करायला लावतात कुणाला? ड्रायव्हर केबिनमध्ये असतो, मालक घरी असतो. खाली वाकतो तो क्लीनर, वय अठरा-एकोणीस. मालकाने औषधाचे पैसे दिले आणि दीड महिन्याचा पगार कापला. जुनी बॅटरी तो दोन हिवाळे तशीच रेटत होता.

कामावर दुखापत झाली तर भरपाई मागण्याचा हक्क १९२३ सालच्या कायद्यापासून चालत आला आहे आणि तो क्लीनरलाही आहे. माय-बहिणींनी एवढे करावे, दवाखान्याचा पहिला कागद फेकू नये आणि त्या खेपेची बिल्टी किंवा टोलची पावती जपून ठेवावी. पोरगा त्या दिवशी त्याच गाडीवर होता हे त्यावरूनच दाखवता येते. भाच्याच्या आईने पावत्या डब्यात ठेवल्या होत्या म्हणून आम्हाला अर्ज लिहिता आला. अर्ज दिला आहे, तारीख पडली आहे. त्याची मूठ अजून पुरती वळत नाही.