चला हॅवलॉकला... पण कुणाच्या बजेटमध्ये?

सर्वप्रथम एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, यात माझा अजूनही गोंधळ होतो. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला आणि मुद्दा तेवढा लक्षात घ्या. मुद्दा आहे ट्रिपचा!

थर्ड इयरला आलं की प्रत्येक ग्रुपमध्ये कुणीतरी 'अंदमान!' म्हणून ओरडतं. आमच्यातही ओरडलं. हॅवलॉक बेट, तिथला राधानगर बीच (२००४ साली 'टाइम' मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम बीच म्हटलं होतं), निळं पाणी, फोटो... कॅन्टीनमध्ये मीटिंगांवर मीटिंगा झाल्या. एका ट्रॅव्हलवाल्याच्या पॅकेजचा आकडा ऐकून सगळ्यांचा चहा थंड झाला. "आपणच प्लॅन करू, स्वस्तात होईल!" यावर एकमत झालं. पण 'स्वस्त' म्हणजे किती, हे कुणीच कुणाला विचारलं नाही.

आठवड्याभरात आमच्यातला एक जण "घरी लग्न आहे" म्हणून गळला. लग्नबिग्न काही नव्हतं. त्याच्या बाबांचं दुकान त्या वर्षी नीट चाललं नव्हतं आणि हे कट्ट्यावर सगळ्यांसमोर सांगणार कसं? मला नंतर कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. कारण "अरे, दोन-चार हजारांनी काय फरक पडतो" हे वाक्य माझंच होतं.

मग आम्ही चिठ्ठ्या केल्या. नाव लिहायचं नाही, फक्त आकडा. यापेक्षा जास्त मला जमणार नाही, असा. "लग्न असलं तरी आकडा लिही," असं म्हणून त्याच्याकडूनही चिठ्ठी घेतली. एकूण सहा. सगळ्यात मोठा आकडा ४० हजार, सगळ्यात छोटा १८ हजार. लगेच कुणीतरी अ‍ॅव्हरेज काढायला निघालं (इंजिनियर ना!). पण १८ वाल्याला त्या अ‍ॅव्हरेजचा काय उपयोग? अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण सहा जणांत अंथरूण कुणाचं मोजायचं? माझं स्पष्ट मत आहे, ज्याचं सगळ्यात आखूड आहे त्याचं. बजेट ठरलं १८ हजार. ती चिठ्ठी कुणाची, हे आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

एकदा आकडा पक्का झाला की प्लॅनिंग हा आपल्या असाइनमेंटसारखाच प्रॉब्लेम होतो. जाताना रेल्वेने चेन्नई आणि तिथून सरकारी जहाज. अडीच-तीन दिवस लागतात. बंक क्लास म्हणजे हलणारं हॉस्टेलच! पण जहाजाचं वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी मिळत नाही, म्हणून अलीकडे-पलीकडे दिवस मोकळे ठेवावे लागतात. येताना विमान, पण तिकीट खूप आधी काढलेलं. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खासगी बोट दीड तासात नेते, सरकारी बोट अडीच तास घेते पण खूप स्वस्त पडते. आम्ही अर्थातच सरकारी. (शोधाशोध करताना नवी नावंही लक्षात ठेवा. २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजयपुरम.)

आणखी एक गणित. अंदमान मुंबईच्या पूर्वेला साधारण २० रेखांश. एका रेखांशाला ४ मिनिटं, म्हणजे ८० मिनिटांचा फरक. घड्याळ मात्र तेच! त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य बुडतो. दहाला उठणाऱ्या हॉस्टेलवाल्यांचा अर्धा दिवस इथेच फुकट जातो. आणि लवकर उठायला पैसे पडत नाहीत.

माझी आई म्हणाली, "पॅकेजवाले निदान जबाबदारी तरी घेतात." आईचं अगदीच चूक नाही. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे बोटी बंद पडल्या आणि हॅवलॉक-नीलवर शेकडो पर्यटक अडकले. शेवटी नौदलाला जहाजं पाठवावी लागली. म्हणून आम्ही परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरला रिकामा ठेवला आणि अडीअडचणीचे पैसे वेगळे काढून ठेवले. आईला हा कागद दाखवला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. स्वतः प्लॅन करायचा तर जबाबदारीही स्वतःच घ्यायला हवी, नाही का?

त्या रिकाम्या दिवशी सेल्युलर जेल पाहिलं. सुरुवातीला "बीच सोडून जेल कशाला" म्हणून आमच्यातल्याच काहींनी ते यादीतून उडवलं होतं. सातपैकी तीनच विंग्ज आता उभ्या आहेत. त्या कोठड्यांसमोर आमची बडबड आपोआप थांबली. स्कूबा आम्हाला परवडलं नाही, त्याचं दुःख नाही. हे राहिलं असतं तर वाटलं असतं.

एक मात्र आवर्जून सांगायचंय. बजेट ट्रिप म्हणजे शहाळेवाल्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालणं नव्हे. हॅवलॉकची वस्ती मुख्यतः पूर्व बंगालातून निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांची. त्यांच्यासाठी ती सरकारी बोट म्हणजे आपली एसटी. दवाखान्याला, कॉलेजला, बाजाराला जायची. आपण तिच्यात स्वस्तात बसतो, तेव्हा आपण पाहुणे आहोत एवढं भान हवं. एसी रूमला कात्री लावा, जेवणाच्या टपरीवाल्याच्या पोटाला नको.

ट्रिप कशी झाली? झकास! १८ हजारांत बसली आणि सहाच्या सहा जण आले. ४० हजारवाल्याचंही काही बिघडलं नाही.

म्हणून पुढच्या थर्ड इयरवाल्यांनो, तिकिटं नंतर काढा. आधी चिठ्ठ्या काढा!