काचेआडचा मिस्त्री

जूनचा दुसरा आठवडा, भर पाऊस, आणि पुण्यात पौड रोडवर माझ्या गाडीचं छत अर्ध्यावर अडकलं. पुढे येईना, मागे जाईना. गाडी दोन माणसांची, जर्मन, सेकंडहँड. बटण दाबलं की पत्र्याचं छत घडी होऊन डिकीत जाऊन बसतं, अशातली. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर बाकीच्या कंपन्यांना उगाच आपण सुटलो असं वाटेल. बायको डोक्यावर पर्स धरून शेजारी बसलेली. सिग्नलला एक रिक्षावाला थांबला, मान बाहेर काढून सगळा देखावा बघितला आणि म्हणाला, "काका, ताडपत्री देऊ का?" त्या आठवड्यात गाडीबद्दल मला मिळालेला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक सल्ला.

कारण त्यानंतर मी शोरूमला गेलो.

शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला कारखान्याचा वास येत नाही, हॉटेलचा येतो. चामड्याचा सोफा, कॉफीचं मशीन, टाय घातलेला सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर. पलीकडे जाड काच, आणि काचेपलीकडे आपली गाडी. नातेवाइकांनी आयसीयूबाहेर उभं राहावं तसे आपण अलीकडे. गाडीला लॅपटॉप जोडलेला मी तिथूनच बघितला. वीस मिनिटांत अ‍ॅडव्हायजर टॅब घेऊन आला. "सर, रूफचा हायड्रॉलिक पंप गेलाय. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. जर्मनीहून मागवू, सहा आठवडे लागतील." एस्टिमेट तीन लाख बेचाळीस हजार. मी विचारलं, "पंप उघडून बघितला का?" तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "सर, सिस्टिमनेच सांगितलंय." एस्टिमेटच्या तळाशी इंजिन फ्लश आणि एसी डिसइन्फेक्शन आधीच टाकून ठेवलं होतं. ज्या गाडीला छतच उरलेलं नाही, तिच्या एसीचं निर्जंतुकीकरण!

ही 'सिस्टिम' काय सांगते ते एकदा नीट समजून घ्या. लॅपटॉपवर येणारा कोड म्हणजे गाडीने केलेली तक्रार. छताचा अमुक भाग अमुक ठिकाणी पोचल्याचा निरोप मला मिळाला नाही, एवढंच ती सांगते. निरोप का मिळाला नाही? पंप मेला असेल, तेल गळलं असेल, सेन्सर बिघडला असेल, वायर तुटली असेल. हे शोधण्यालाच मेकॅनिकी म्हणतात. थर्मामीटरवर १०२ बघून किडनी बदलायला निघालेल्या डॉक्टरला आपण हाणू. टाय लावून टॅब धरला की त्याच माणसाला आपण क्रेडिट कार्ड देतो.

गाडी उचलली आणि भोसरीला मामांकडे नेली. मामा म्हणजे पत्र्याची शेड, एक लिफ्ट, दोन पोरं आणि भिंतीला लावलेला गणपती. त्यांनी लॅपटॉप नंतर काढला. आधी मला म्हणाले, "बटण दाबा," आणि कान लावून उभे राहिले. "पंप बोलतच नाहीये. म्हणजे त्याला कुणी बोलायलाच सांगत नाहीये." मग डिकीचं झाकण वर केलं, बिजागरीपाशी वायरिंगवर असलेलं रबर मागे सारलं. झाकण वर्षानुवर्षं उघडमीट होतं, तिथल्या वायरी तिथेच वाकतात, आणि एक दिवस आतलं तांबं तुटतं. हा दुखणाईत कोपरा बहुतेक गाड्यांना असतो. दोन वायरी तुटल्या होत्या. नवे तुकडे, सोल्डर, वरून हीट श्रिंक. पाऊण तास. अठराशे रुपये, चहा त्यांच्याकडून.

आता तुम्ही म्हणाल, तो अ‍ॅडव्हायजर नवशिका असेल, सगळेच तसे नसतात. मी ही सबब मान्य करत नाही. तो मूर्ख नव्हता, तो हिशेबी होता. किंबहुना हिशेब त्याच्या वरच्याचा होता. तुटलेल्या वायरीला पार्ट नंबर नसतो. ज्याला पार्ट नंबर नाही त्यावर नफा नाही. ती वायर शोधायला जाणाऱ्या दोन तासांत तीन गाड्यांचं ऑइल बदलून होतं. उलट अख्खी असेंब्ली बदलली की पार्टवर कमिशन, लेबरवर बिल, आणि गाडी परत आलीच तर कंपनीला दाखवायला कागद तयार. नवी गाडी विकून डीलरच्या हाती फारसं उरत नाही; तो जगतो मागच्या वर्कशॉपवर आणि पार्टच्या काउंटरवर. तेव्हा "सुटं करून दुरुस्त करा" असं त्याला सांगणं म्हणजे हलवायाला घरी लाडू कसे वळतात ते शिकवायला सांगणं.

आणि हे मामा आले कुठून? असल्याच एका शोरूमच्या काचेआडून. अकरा वर्षं तिथे होते. कंपनीच्या खर्चाने ट्रेनिंग झालं, हात बसला, आणि मग रोज किती गाड्या काढल्या याचा तक्ता भिंतीवर लागला. कंटाळून बाहेर पडले. ज्याचा हात खरोखर चालतो असा माणूस बहुधा असाच बाहेर पडतो, आणि त्याच्या जागी आलेला पोरगा तुमच्या गाडीवर शिकतो. त्याच्या शिकण्याचा तासाचा दर मात्र तुम्हाला उस्तादाचा लागतो, वर अठरा टक्के जीएसटी. काच कशासाठी आहे ते आता कळलं? धूळ येऊ नये म्हणून ती लावलेली नाही.

"पण वॉरंटी?" ही आपल्याकडची राष्ट्रीय भीती. बाहेरच्याने बोनेट उघडलं की वॉरंटी गेली, असं आपल्याला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की लोक वायपर बदलतानाही आजूबाजूला बघतात. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस कायदा आहे. आपल्याच पार्ट्सची किंवा आपल्याच सर्व्हिसची सक्ती करून कंपनीला वॉरंटी अडवता येत नाही, ते पार्ट किंवा ती सर्व्हिस फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. युरोपातही स्पर्धेचे नियम याच बाजूने झुकतात. आणि आपल्याकडे? आपल्याकडे काहीच नाही असं समजणाऱ्यांनी २५ ऑगस्ट २०१४ चा भारतीय स्पर्धा आयोगाचा आदेश काढून वाचावा. चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड. आरोप काय? अस्सल सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजवाल्यांच्या हाती पडू दिली नाहीत, आणि मग अडलेल्या ग्राहकाकडून हवी ती किंमत घेतली. टाटा, मारुती, महिंद्रपासून मर्सिडीज, बीएमडब्ल्यूपर्यंत सगळे एका पंगतीत. बाहेर सर्व्हिस केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही त्या आदेशात आहे.

त्या यादीत हिंदुस्तान मोटर्सचं नाव बघून मी अर्धा तास हसत होतो. अ‍ॅम्बॅसिडर! जी गाडी पिंपळाच्या पारावर पान्हा आणि हातोड्याने उघडली जायची, जिचा कार्ब्युरेटर शाळकरी पोरं साफ करायची, तिच्या कंपनीलाही सुटे भाग अडवल्याबद्दल दंड. आणि तिचा उत्तरपाड्याचा कारखाना त्याच वर्षी मे महिन्यात बंद पडलेला. पंगत उठल्यावर वाढपी आला, तो असा.

दंड झाला, अपिलं झाली, प्रकरण कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिलं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून एक पोर्टल काढलं, त्यात वाहनंही घेतली. पोर्टल छान आहे. माझ्या छताची वायर तेवढी त्यावर सापडली नाही.

वेगवान गाड्यांच्या बाबतीत तर 'कंपनीला सगळं कळतं' या श्रद्धेचा भांडाफोड कधीच झालाय. पोर्शेचंच उदाहरण घ्या. १९९७ च्या सुमाराला बॉक्स्टर आणि पाठोपाठ ९११ मध्ये पाण्याने थंड होणारं नवं इंजिन आलं. त्यात एक मधला शाफ्ट आहे, त्याच्या टोकाला एक सीलबंद बेअरिंग. मुठीत मावेल एवढं. काही गाड्यांत ते झिजायचं, त्याचा चुरा तेलातून फिरायचा आणि एक दिवस पूर्ण इंजिन भंगार. कंपनी हे बेअरिंग सुटं विकायलाच तयार नव्हती. अधिकृत उत्तर एकच, इंजिन बदला. प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं, हजारो मालकांच्या वतीने चाललेल्या त्या दाव्यात २०१३ मध्ये तडजोड झाली. आणि इंजिन न काढता ते बेअरिंग ओढून बाहेर घेण्याचं हत्यार, त्याजागी बसणारं सिरॅमिक गोळ्यांचं बेअरिंग, हे कुणी काढलं? अमेरिकेतल्या स्वतंत्र इंजिनवाल्यांनी. ज्यांच्याकडे गाडी नेली तर म्हणे वॉरंटी जाते, त्यांनी. जुनी बॉक्स्टर घेताना जाणता माणूस आज पहिला प्रश्न विचारतो तो या बेअरिंगचा: बदललंय का, कुणी, कधी. सर्व्हिस बुकातल्या गुळगुळीत शिक्क्यांना तो नंतर हात लावतो.

इथवर वाचून 'स्पेशालिस्ट' पाटी लावलेल्या गॅरेजवाल्यांनी एकमेकांना टाळ्या देऊ नयेत. तुमचाही हिशेब बाकी आहे. मामा सापडायच्या आधी याच गाडीच्या दोन वर्षांत मी तुमच्या तीन दुकानांचं पाणी प्यायलोय, आणि एकाने ते अक्षरशः गाडीला पाजलं. गुलाबी कूलंटमध्ये हिरवं ओतलं, वर "कूलंट तो कूलंटच साहेब" असं तत्त्वज्ञान. आठ महिन्यांनी रेडिएटरमध्ये चिखल. दुसऱ्याने रबरी ठोकळा न ठेवता जॅक लावला आणि कडेचा पत्रा आत दाबला. चाकाच्या बोल्टांना ठरावीक पीळ असतो, बहुतेक जर्मन गाड्यांना १२० न्यूटन मीटरच्या आसपास. तो टॉर्क रेंचने मोजून द्यायचा असतो. हे महाशय एअर गनने दणादण आवळत होते, जणू ट्रकचं चाक आहे. तिसरा तर कलाकारच. इन्स्टाग्रामवर निळ्या दिव्यांत त्याचं गॅरेज लेण्यासारखं दिसतं. ऑइल बदलायला गेलो तर 'स्टेज वन' करून घ्या म्हणून मागे लागला: लॅपटॉप लावायचा, इंजिनाची ताकद वाढवायची, बुकिंग अमाउंट ऑनलाइन. ब्रेक पॅड किती उरलेत विचारलं, तर "बघून सांगतो." अजून बघतोय.

अशांना मी शोरूमपेक्षाही खालच्या पायरीवर बसवतो. शोरूमवाला निदान लुटताना पावती देतो.

आणि आता आपण, मालक लोक. या सगळ्या लुटीचा खरा पोशिंदा कोण असेल तर आपणच. एक कोटीची गाडी घेणारा आपला माणूस गाडीच्या तब्येतीसाठी शोरूमला जात नाही, तो जातो सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यासाठी. विकताना 'फुल कंपनी सर्व्हिस हिस्ट्री' लिहिता येतं ना! म्हणजे पुढच्या अनोळखी गिऱ्हाइकाची समजूत पटावी म्हणून हा गृहस्थ दरवर्षी लाखभर मोजतो. कोथरूडमधला माझा एक मित्र वर्षाला नऊशे किलोमीटर चालवतो, तेही रविवारी सकाळी लवासाच्या रस्त्याने पोहे खायला. तेल वर्षाला बदलावं, मान्य. न चालताही ते जुनं होतं. पण तो दर खेपेला अंडरबॉडी कोटिंग, थ्रॉटल क्लीनिंग, डेकार्बनायझेशन असं अख्खं ताट घेतो. का रे बाबा? "ते म्हणाले, करून घ्या." ते म्हणणारच. तू नाही म्हणायला कधी शिकणार?

उलटा नमुनाही आहे. गाडी ऐंशी लाखांची आणि नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात ब्रेक पॅडवर तीनशे रुपयांची घासाघीस, शेवटी हाती डुप्लिकेट डबा. मॅनचा फिल्टर, साक्सचा क्लच किंवा बॉशचा सेन्सर कंपनीच्या डब्याबाहेर स्वस्त मिळतो, कारण मुळात बनवतात तेच. ही शहाणपणाची खरेदी. पण अर्ध्या किमतीतला 'सेम टू सेम' वेगळा. ताशी दीडशेने धावू शकणाऱ्या गाडीचे ब्रेक ज्याला सवलतीत हवे आहेत, त्याने गाडी विकून पीएमटीच्या बसचा पास काढावा. पीएमपीएमएल म्हणा हवं तर, आम्ही जुनी माणसं पीएमटीच म्हणतो.

माझा निकाल असा आहे. वॉरंटी जिवंत आहे तोवर शोरूमलाच जा, भांडून जा. आयोगाचा आदेश कागदावर बरोबर असला तरी तुमचा क्लेम अडकला तर आयोग टो ट्रक घेऊन येणार नाही. रिकॉल निघाला तर शोरूमच, कारण ते काम कंपनीच्या पैशाने होतं आणि तुम्ही कितवे मालक आहात याने फरक पडत नाही. चावीचं कोडिंग, एअरबॅग, तेही तिथेच. बाकी वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढा. मात्र अशा माणसाकडे न्या, जो तुमच्याच कंपनीच्या गाड्यांवर दहा वर्षं घासला गेलाय, ज्याच्या भिंतीवर टॉर्क रेंच टांगलेला आहे, आणि जो तुम्हाला तोंडावर सांगतो की हे मला जमत नाही, ते शोरूमला घेऊन जा. मामांनी मला हे दोनदा सांगितलंय. दोन्ही वेळा त्यांचं नुकसान झालं आणि दोन्ही वेळा त्यांचंच बरोबर होतं.

छताला आता तीन पावसाळे झाले. उघडतं, मिटतं. पंप तोच, मूळचा.

तेव्हा पुढच्या खेपेला सोफ्यावर बसू नका, कॉफी घेऊ नका. माझ्या गाडीला हात लावणारा माणूस कोण, त्याचं नाव सांगा, मला त्याच्याशी दोन मिनिटं बोलायचंय आणि काढलेला जुना पार्ट घरी न्यायचाय, एवढं म्हणा. काचेपलीकडे जाऊ दिलं नाही, तर तिथल्या तिथे किल्ली परत मागा.